चित्र काढताना मला काहीच वाटत नाही. मग ती कला आहे का?

प्रश्न थोडक्यात असा. पुण्यात संख्याशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला असलेला एक मुलगा रोज कात्रजहून शिवाजीनगरला बसने जातो. समोरच्या बाकावर झोपलेल्या माणसांची चित्रं तो तिकिटाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर बॉलपेनने काढतो. दीड वर्षात १४० च्या वर तिकिटं साठली आहेत. कलास्वादाच्या तासाला सरांनी ती पाहिली आणि म्हणाले, "हात चांगला आहे, पण हे कौशल्य झालं, कला नव्हे." मित्राचं म्हणणं, "मी ज्याला कला म्हणेन ती कला. विषय संपला." आणि त्याची स्वतःची अडचण तिसरीच आहे. कला म्हणजे भावना व्यक्त करणं, असं त्याने सगळीकडे वाचलं आहे. पण चित्र काढताना त्याला काहीच वाटत नाही, तो नुसता बघत असतो. मग तो जे करतो ते आहे तरी काय? सोबत त्याने चार तिकिटांचे फोटो पाठवले आहेत.

तीन प्रश्नांतला तिसरा तुझा स्वतःचा आहे. पहिले दोन दुसऱ्यांनी तुझ्या गळ्यात घातले आहेत, म्हणून ते आधी हातावेगळे करते. मी ३० वर्षं शिल्पकाम करते आहे. व्यक्तिशिल्पं, थोडं दगडातलं काम आणि दरवर्षी आषाढापासून शाडूचे गणपती. जे सांगते आहे ते त्या कामातून आलेलं आहे.

१९२६ साली ब्रांकुसी या शिल्पकाराचं ब्राँझचं एक शिल्प बोटीने न्यूयॉर्कला पोचलं. शिल्प पक्ष्याचं, पण पंख नाहीत, चोच नाही; आरशासारखा घासलेला, वर निमुळता होत गेलेला एक उंच आकार. कलाकृतींवर तेव्हा तिथे जकात नव्हती. जकात अधिकाऱ्यांना मात्र त्यात पक्षी दिसेना. त्यांनी ते शिल्प स्वयंपाकाची भांडी आणि दवाखान्याचं सामान या सदरात घातलं आणि ४० टक्के जकात लावली. प्रकरण कोर्टात गेलं आणि १९२८ मध्ये निकाल शिल्पकाराच्या बाजूने लागला. ही गोष्ट सांगताना लोक त्या अधिकाऱ्यांना हसतात. मी हसत नाही. शिल्प म्हणजे निसर्गातल्या वस्तूची हुबेहूब प्रतिकृती, असा अर्थ आधीच्या एका निकालाने त्यांच्या हातात दिला होता आणि त्यांना बंदरावर उभं राहून पैसे घ्यायचे की नाही एवढंच ठरवायचं होतं. त्यांची व्याख्या त्यांच्या कामापुरती होती.

कलेची जी जी व्याख्या तू ऐकशील, ती कुणाच्या तरी कामाची असते. सरांना गुण द्यायचे असतात, संग्रहालयाला काय विकत घ्यायचं ते ठरवायचं असतं, मित्राला कट्ट्यावरचा वाद मिटवायचा असतो. तुला व्याख्या कशाला हवी आहे? तुझं पत्र दोनदा वाचल्यावर मला वाटतं, उद्या सकाळी बसमध्ये पेन काढावं की पुढच्या परीक्षेचं पुस्तक, हे ठरवायला. त्यासाठी व्याख्या लागत नाही रे. तू परवानगी मागतो आहेस आणि ती कुणाकडे मागायची हे तुला कळत नाहीये. माझ्याकडे मागत असशील तर दिली. पुढचं वाच.

मित्राचं म्हणणं मी थोडक्यात घेते. त्याच्या मनात बहुधा मार्सेल द्यूशाँ हा फ्रेंच कलावंत असणार. १९१७ मध्ये त्याने न्यूयॉर्कच्या एका प्रदर्शनासाठी चिनी मातीची मुतारी पाठवली होती. पण द्यूशाँने नुसतं 'ही कला' असं म्हटलं आणि झालं, असं घडलेलं नाही. त्याने एक विशिष्ट वस्तू निवडली, तिला आडवी पाडली, तिच्यावर 'आर. मट, १९१७' अशी खोटी सही केली, आणि प्रदर्शनही असं गाठलं की ज्याने सहा डॉलर फी भरणाऱ्या प्रत्येकाचं काम मांडायचं जाहीर केलं होतं. तरी ती मांडली गेली नाही. मोज त्यात किती निर्णय आहेत ते. वस्तू, तिची बाजू, सही, जागा, वेळ. यातला एक जरी ढिला असता तरी आज शंभर वर्षांनी आपण त्यावर बोलत नसतो. मित्राला विचार, त्याने ज्याला कला म्हटलं त्यात त्याने काय काय ठरवलं? उत्तर देता आलं तर त्याचं म्हणणं नक्की ऐकून घे.

आता सर. कौशल्य आणि कला यांच्यात भिंत घालायची सवय आपल्या मातीतली नाही. युरोपात अठराव्या शतकात ही वाटणी पक्की झाली. १७४६ मध्ये बाटो नावाच्या फ्रेंच लेखकाने काव्य, चित्र, शिल्प, संगीत आणि नृत्य यांची वेगळी पंगत बसवली. आपल्या चौसष्ट कलांच्या यादीत गायन आणि चित्राच्या मांडीला मांडी लावून माळा गुंफणं, स्वयंपाक, सुतारकाम बसलेलं आहे. त्या वाटणीचा त्रास काय होतो ते वारली चित्रांत बघ. लग्नघराच्या गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने देवचौक, म्हणजे लग्नविधीतलं चौकोनी चित्र, लिहिणाऱ्या सवाशिणी पिढ्यान्‌पिढ्या होत्या. त्यांना कुणी चित्रकार म्हटलं नाही. १९७० नंतर तेच चित्र कागदावर आलं, शहरात आलं, तेव्हा त्याला कला हे नाव मिळालं. वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, ते थोर होतेच. पण त्या भिंतींवरच्या बायकांचा हात त्याआधीही तेवढाच चांगला होता. नाव मागून आलं.

तरीही सरांच्या बोलण्यात एक कण खरा आहे आणि तो मला महागात पडून कळला आहे. माझं काम सुरू होऊन चार-पाच वर्षं झाली असतील. एका कुटुंबाने वारलेल्या वडिलांचा अर्धपुतळा करायला सांगितला. मला अकरा फोटो दिले. मी कॅलिपर घेऊन बसले. दोन डोळ्यांतलं अंतर, नाकाच्या मुळापासून हनुवटी, कानाची पाळी ते जबड्याचा कोन, सगळं मोजून मोजून मातीत उतरवलं. सहा आठवडे. एकही माप चुकलं नव्हतं. मुलगा बघायला आला, फडकं काढलं, तो बराच वेळ उभा राहिला आणि म्हणाला, "दिसायचे असेच. पण बाबा असे बसायचे नाहीत." मी विचारलं कसे बसायचे. त्याने खुर्ची ओढली, बसला आणि मान किंचित डावीकडे वळवून उजवा कान पुढे केला. वडिलांना डाव्या कानाने ऐकू येत नव्हतं. वीस वर्षं ते समोरच्या माणसाकडे उजवा कान करून बसत. आणि मग मी ते अकरा फोटो परत काढले. अकरापैकी आठ फोटोंत मान वळलेली होती. मला ती दिसली होती, पण मी ती फोटोतली चूक समजून कॅलिपरने सरळ करून टाकली होती.

मी गळ्यापाशी तारेने माती कापली, डोकं हातांत धरून थोडंसं फिरवलं, सांगाड्याची तार वाकवली, फट भरून काढली. पाऊण तासाचं काम. चेहऱ्याला बोटही लावलं नाही. दुसऱ्या दिवशी तो मुलगा आला आणि दारातच थांबला.

त्या पाऊण तासात माझं कौशल्य वाढलं नाही. सहा आठवड्यांत जे होतं तेच होतं. पण ते कौशल्य नसतं तर ती मान फिरवून काहीच झालं नसतं, मातीचा गोळा इकडून तिकडे झाला असता. म्हणून सर जेव्हा 'हे कौशल्य झालं' म्हणतात तेव्हा ते अर्धं वाक्य आहे असं समज. कौशल्य झालं, आता त्याने तू काय पाहिलंस? कसबा पेठेत तांबट आळी आहे, एकदा जाऊन उभा राहा. तांब्याच्या भांड्यावर मठारकाम चालतं, हातोडीचा एक ठोका दुसऱ्याला चिकटून, ओळीने. बघणाऱ्याला ती नक्षी वाटते. त्या ठोक्यांनी पत्रा कडक होतो, भांड्याला बळ येतं. तिथल्या एका काकांनी मला कॉलेजात असताना सांगितलं होतं की ठोका वाकडा पडला तर डोळ्याच्या आधी कानाला कळतं. तांब्याचं बळ, नक्षी आणि आवाज यांतलं कौशल्य कुठे संपलं आणि कला कुठे सुरू झाली, हे मला तेव्हाही दाखवता आलं नसतं आणि आजही येणार नाही.

आता तुझा प्रश्न. चित्र काढताना काहीच वाटत नाही.

गणपतीच्या डोळ्यांची आखणी हे माझ्याकडचं सगळ्यात शेवटचं काम. मूर्ती रंगवून झालेली असते, नुसते पांढरे डोळे असतात. सगळ्यात बारीक ब्रश घ्यायचा, उजवं मनगट डाव्या मनगटावर टेकवायचं. वरच्या पापणीची रेघ एका दमात यावी लागते, मध्ये श्वास घेतला की रेघेला गाठ पडते. मग बुबुळं. केसाएवढं आत सरकलं तर तिरळेपणा येतो, वर सरकलं तर मूर्ती दचकल्यासारखी दिसते. त्या वेळी माझ्या मनात काय असतं म्हणशील तर काही नसतं. भक्तीही नसते. दोन रेघांमधलं अंतर असतं. मी घरी आरतीला उभी राहते तेव्हा डोळे भरून येतात, पण आखणी करताना कधीही नाही; आले असते तर रेघ हलली असती. आणि मग एखादं कुटुंब मूर्ती न्यायला येतं, त्यांतलं लहान मूल पाटाच्या एका बाजूने दुसऱ्या बाजूला जातं आणि म्हणतं, "आई, हा माझ्याकडेच बघतोय." जे वाटायचं ते तिथे वाटतं.

आपल्याकडे यावर फार जुना आणि फार खोल विचार झालेला आहे. नाट्यशास्त्रावर भाष्य लिहिणाऱ्या अभिनवगुप्ताने, म्हणजे साधारण हजार वर्षांपूर्वी, रस कुठे राहतो हा प्रश्न घेतला. नटात की प्रेक्षकात? त्याचं उत्तर, सहृदय प्रेक्षकात. आणि नटाला आपण 'पात्र' का म्हणतो ते त्याने सांगितलं: भांड्याला मद्याची चव कळत नाही, भांडं ती चव पोचवण्याचं साधन असतं. नाटकातल्या माणसाला आपण आजही 'पात्र' म्हणतो, स्वयंपाकघरातही पात्र म्हणतो, आणि हा धागा आपल्या लक्षातही येत नाही. 'भावना व्यक्त करणं' ही कल्पना खोटी आहे असं मी म्हणत नाही. असं काम करणारी माणसं आहेत, आणि त्यांतली काही मला अतिशय प्रिय आहेत. पण तो एकच रस्ता नाही. तू दुसऱ्या रस्त्याने चालला आहेस, आणि तोही वहिवाटीचा आहे.

फक्त एक सावधगिरी. 'काहीच वाटत नाही' याचे दोन प्रकार असतात. एकात डोळा इतका कामात असतो की बाकीच्याला जागा उरत नाही. दुसऱ्यात हाताला वळण पडलेलं असतं आणि डोळा आराम करत असतो. दोन्ही आतून सारखेच शांत वाटतात, म्हणून आतून तपासून उपयोग नाही. कागद बघावा लागतो. मी तुझे चार कागद पाहिले आहेत, ते एकेक घेते.

पहिलं, खिडकीच्या गजाला कपाळ टेकलेल्या आजी. हा सराव आहे, चांगला सराव. बस हलली तिथे रेघ तुटली आहे आणि तू ती पुन्हा गिरवली नाहीस, ते बरं केलंस. त्यापलीकडे मला त्यात काही सापडलं नाही.

दुसरं, डब्याची पिशवी घेतलेला माणूस. पिशवीचा बंद त्याने मनगटाला दोन वेढे देऊन घेतला आहे. तोंड उघडं, खांदे गळालेले, गुडघे दोन दिशांना, आणि ते एक मनगट मात्र जागं. तू त्या वेढ्यांवर पेन दाबलं आहेस, बाकी सगळ्या अंगाला हलकी रेघ आहे. हे चित्र मी दहा मिनिटं बघत होते. याला कला म्हणायला मला कुणाला विचारावं लागत नाही.

तिसरं, दांड्याला धरून उभ्या उभ्या झोपलेला शाळकरी मुलगा. तू लिहिलं आहेस की तू नेहमी मानेपासून सुरुवात करतोस. ते इथे फळाला आलं आहे. मान पडली आहे आणि तिच्या मागोमाग पूर्ण शरीर दांड्याभोवती लोंबतं आहे, पाय काढलेच नाहीत तरी त्याचं वजन कुठे आहे ते कळतं. माझ्या त्या पुतळ्याच्या वेळी तू शेजारी असतास तर माझे सहा आठवडे वाचले असते. हेही मी कला म्हणेन.

चौथं, ओढणी घेतलेली तरुण मुलगी. हे खोटं आहे. तुला वाईट वाटेल, पण तू विचारलं आहेस म्हणून सांगते. पापण्यांचे केस एकेक काढले आहेस, गालावर छायाप्रकाश केला आहेस. चालत्या बसमध्ये समोरच्या बाकावरून पापण्यांचे केस दिसत नाहीत. स्वारगेटला ती उतरली असेल किंवा मध्ये कुणी उभं राहिलं असेल आणि पुढचं तू मनाने पूर्ण केलंस. मनाने काढायला हरकत काहीच नाही, पण तुझ्या मनाने तिथे सिनेमाच्या पोस्टरवरचा चेहरा आणून ठेवला. सरांनी हेच तिकीट आधी पाहिलं असेल तर मी त्यांना दोष देणार नाही.

त्या चौथ्यावरून आणखी एक. झोपलेल्या माणसाला आपलं चित्र काढलं जातंय हे माहीत नसतं. फोटोपेक्षा चित्र सौम्य असतं, ओळख पटतेच असं नाही, पण जबाबदारी राहतेच. दुसऱ्या आणि तिसऱ्या चित्रातली माणसं जागी होऊन तुझ्या खांद्यावरून डोकावली तर तुला तिकीट लपवावंसं वाटेल का? मला नाही वाटत. चौथ्याच्या बाबतीत वाटेल. हा निकष मी कुठे वाचलेला नाही, माझ्यापुरता वापरते, आणि तो नीतीइतकाच चित्राच्या दर्जालाही लागू पडलेला मी पाहिला आहे.

आता सगळी तिकिटं एका सुट्टीच्या दिवशी जमिनीवर पसर. छान कोणती ते शोधू नकोस. कोणती फेकताना हात थांबतो ते बघ आणि ती बाजूला ठेव. वीसच्या आत येतील असा माझा अंदाज आहे. मग त्या विसांत तू काय काय ठरवलं होतंस ते प्रत्येकाच्या जोडीला वहीत लिही, दोन ओळी पुरेत. बालगंधर्वच्या कलादालनात प्रदर्शन मांडायचं वगैरे डोक्यात असेल तर ते दोन वर्षं लांबव. वाटेत वेळ मिळाला तर जंगली महाराज रस्त्यावर पाताळेश्वरात उतर. आठव्या शतकातलं, एकाच खडकात कोरलेलं आणि अपुरं राहिलेलं लेणं आहे. काम कुठवर आलं आणि कुठे थांबलं ते बघत तिथे अर्धा तास बस, चित्र काढलं नाहीस तरी चालेल.

आणि हे तातडीचं, बाकी सगळं नंतर केलंस तरी चालेल. मशीनमधून निघणारं तिकीट उष्णतेने छापलं जातं, त्यात शाई नसते. त्याच्या पुढच्या बाजूवरचा मजकूर, म्हणजे तारीख, वेळ, कुठून कुठे आणि भाडं, उजेडाने, तेलकट बोटांनी आणि प्लास्टिकच्या पाकिटात ठेवल्याने पुसट होत जातो आणि शेवटी कोरा कागद उरतो. तुझी सर्वात जुनी तिकिटं दीड वर्षाची आहेत, आजच उलटून बघ. प्रत्येकाच्या दोन्ही बाजू स्कॅन करून घे, ६०० डीपीआयवर. प्लास्टिकमधून काढून साध्या कागदी पाकिटांत ठेव, कपाटात, अंधारात. बॉलपेनची शाईही उजेडाने उडते, म्हणून भिंतीवर चिकटवू नकोस. आणि कुणी कितीही सांगितलं तरी लॅमिनेशन करू नकोस. त्या गरम रोलरमधून गेलं की अख्खं तिकीट काळं पडेल.

त्या पुसट होण्याचा विचार मात्र कर. मागे झोपलेला माणूस राहील आणि पुढचं कात्रज, ती तारीख, ते भाडं निघून जाईल. तुला ते चालणार आहे का? तिकीट हाताशी होतं म्हणून घेतलंस हे ठीक, पहिल्या दिवशी असंच होतं. पण १४० तिकिटांनंतरही ते नुसतं हाताशी होतं म्हणूनच आहे की आता तुला तिकीटच हवं आहे? साध्या वहीत हीच चित्रं काढलीस तर काय जाईल? आठवडाभर वहीत काढून बघ आणि मग सांग.

आणि एक विचारायचं राहिलं. दुसऱ्या तिकिटावर त्या माणसाचा मोकळा हात कागदाच्या कडेला अर्धा कापला गेला आहे, बोटं दिसत नाहीत. कागद संपला म्हणून तसं झालं, की तू तिथेच थांबलास?